बूच, वहिनी आणि गळका रंगमंच

आमच्या शेजाऱ्याला सगळे बूच म्हणतात. खरं नाव त्याच्या दारावरच्या पाटीवर आहे, पण ती पाटी वाचून आत जाणारा माणूस मी अजून पाहिला नाही. लोक जिन्यातूनच हाक मारतात, "बूच, आहेस का रे? आमच्याकडे पुन्हा सुरू झालंय!" आणि बूच हातातला घास ताटात ठेवून निघतो. पाणी गळतंय म्हटलं की त्याच्या चेहऱ्यावर असं तेज येतं, की अनोळखी माणसाला वाटावं याच्याकडे बारसं आहे.

त्याचा धंदा गळके सांधे बंद करण्याचा. बाथरूमचे नळ वगैरे फुटकळ कामांना तो हात लावत नाही. मोठ्या इमारती दोन-तीन तुकड्यांत बांधतात आणि तुकड्यांच्या मध्ये बोटभर फट मुद्दाम सोडतात, ते सांधे. उन्हात काँक्रीट फुगतं, गारठ्यात आकसतं, त्याला हलायला जागा लागते. आपण शहाणे लोक ती फट बघतो, बिल्डरला शिव्या घालतो आणि तिच्यात सिमेंट लिंपतो. सिमेंट वर्षभरात तडकतं आणि सोफ्यावर पाणी पडायला लागतं. मग बूच येतो. फट साफ करतो, तिच्यात फोमची लांब दोरी दाबून बसवतो आणि वरून रबरासारखा ताणला जाणारा मसाला भरतो. दोरी कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. विचारायला नको होतं.

"मसाल्यानं दोन्ही बाजूच्या भिंती धरायच्या, तळ धरायचा नाही," बूच म्हणाला. "दोरी असली की तळाला चिकटत नाही. मग फट रुंदावली की मसाला नुसता ताणतो. तळालापण चिकटला, की तीन बाजूंनी ओढाताण होते आणि फाटतो. मी काय म्हणतोय कळतंय ना? नवऱ्याचं जसं आई आणि बायको—"

"कळलं, कळलं," मी म्हणालो, कारण त्याची आई आणि बायको दोघीही आतच होत्या.

काम झालं की बूच सांध्यावर पाणी साठवायला लावतो आणि स्वतः खालच्या खोलीत, बरोबर त्या सांध्याखाली, खुर्ची टाकून उघड्या डोक्यानं बसतो. त्याला चकचकीत टक्कल आहे. त्याचं म्हणणं, थेंब डोळ्याला उशिरा दिसतो, कानाला त्याहून उशिरा ऐकू येतो, टकलाला मात्र ताबडतोब कळतो. अशा बैठकांमुळे त्याची फजितीही पुष्कळ झाली आहे. एका बँकेत तो असाच मधोमध बसला होता, तर लोकांनी त्याच्यामागे रांग लावली. रांग बराच वेळ पुढे सरकेना, तेव्हा भांडणं झाली. एका घरी पाहुण्यांना वाटलं, हे घरातले वडीलधारे. ते येऊन याच्याजवळ बसले आणि मुलाच्या नोकरीचं सांगू लागले. बूचनंही सल्ला दिला. पोरगं म्हणे लागलं नोकरीला.

एवढा गुणी माणूस, पण सासूबाईंना त्याची किंमत नाही. त्यांच्या थोरल्या मुलीचा नवरा चष्म्याच्या दुकानाचा मालक. त्यामुळे कोणी विचारलं की सासूबाई सांगायच्या, "थोरला जावई लोकांची दृष्टी सुधारतो. धाकटा... भोकं बुजवतो." हे बूचच्या समोर. तो हसायचा. वहिनी हसायच्या नाहीत.

वहिनी म्हणजे बूचची बायको. बूच माझ्याहून लहान, म्हणजे नात्यानं मी त्यांना नावानं हाक मारायला हरकत नव्हती, पण त्यांच्याकडे बघून माझी छाती होत नाही. त्यांना नाटकाचं वेड. आमच्या भागात एक हौशी मंडळ आहे. ते एक निवृत्त व्यायामशिक्षक चालवतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मास्तर शिट्टी वाजवून दिग्दर्शन करतात: एक शिट्टी म्हणजे चाला, दोन म्हणजे रडा, लांब शिट्टी म्हणजे पडदा. या मंडळात वहिनी वर्षानुवर्षं ट्रे घेऊन येत होत्या. "चहा ठेवू का?" हे एक वाक्य आणि "बाहेर कोणीतरी आलंय" हे दुसरं. एवढ्यावर त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घालवली. पण त्या "बाहेर कोणीतरी आलंय" असं म्हणायच्या, की प्रेक्षक खरोखर दाराकडे बघायचे. मी मंडळाचा प्रॉम्प्टर. विंगेत बसून विसरलेली वाक्यं पुरवतो. मला माहीत आहे कोणाला किती येतं ते.

यंदा मास्तरांनी स्वतःच नाटक लिहिलं आणि पहिल्यांदाच वहिनींना मोठी भूमिका दिली. सून घर सोडून निघालेली असते, आणि अर्धांगवायू झालेल्या, वाचा गेलेल्या सासऱ्यापुढे उभी राहून मनातलं सगळं सांगते. पाच पानांचं भाषण! वहिनींनी ते भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, जिना उतरताना म्हटलं. आमच्या दोन घरांमधली भिंत सामाईक, त्यामुळे मलाही पाठ झालं. माझी बायको तर एक दिवस मलाच म्हणाली, "बाबा, तुमच्या या घरात मी सावलीसारखी वावरले." मी दचकलोच.

आणि तेवढ्यात सभागृह गळायला लागलं.

सभागृहाचा पुढचा भाग जुना, रंगमंच मागाहून जोडलेला. दोघांमधला सांधा नेमका रंगमंचाच्या छतातून, सासऱ्याच्या खुर्चीवरून थेट दरवाजापर्यंत जातो. सासऱ्याचं काम आमचा न्हावी करत होता. तालमीत त्याच्या मानेवर एक गार थेंब पडला आणि अर्धांगवायूचा तो सासरा उडी मारून विंगेत आला. "मी पुन्हा तिथे बसणार नाही," तो म्हणाला. सभागृहाच्या व्यवस्थापकानं तर सरळ सांगितलं, रंगमंचावर विजेच्या तारा आहेत. गळती थांबली नाही तर प्रयोग रद्द.

वहिनी घरी आल्या आणि बूचपुढे उभ्या राहिल्या.

"अहो, जन्मभर लोकांची गळती थांबवलीत. माझी एक थांबवा."

"एक थेंब पडला तर बूच नाव लावणार नाही," बूच म्हणाला.

"ते नाव तुम्ही लावतच नाही, लोक लावतात. काम करा."

दुसऱ्या दिवशी भर उन्हात बूच गच्चीवर चढला. फट साफ केली, सामान काढलं, तर फोमची दोरी नाही! घरी जाऊन शोधली. खुंटीवर नाही, पिशवीत नाही, पलंगाखाली नाही. दुकान बंद. खालून मास्तरांच्या शिट्ट्या, तालीम खोळंबलेली. बूचनं आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं: दोरीशिवायच मसाला भरला. मनाशी म्हणाला, एवढ्याशा फटीला काय होतंय. पाणी साठवलं, खाली खुर्ची टाकून बसला. टक्कल कोरडं ठणठणीत. ऊन होतं ना! काँक्रीट फुगलेलं, फट मिटलेली. मसाल्याला ताण बसायचा तो पुढेच होता.

न्हाव्याचा मात्र विश्वास बसेना. तेव्हा मास्तरांनी बूचच्या टकलावर हात ठेवला. "तूच बस सासरा म्हणून. तुझं काम, तुझंच डोकं. वाक्य एकही नाही."

बूचला काय, तो तसाही तिथेच बसला असता. वहिनींनी मात्र त्याला बजावलं, "वर बघायचं नाही. अर्धांगवायू झालेला माणूस छताकडे बघत नाही. समोर बघायचं. माझ्याकडे."

"बघतो की."

"लग्नापासून बघतेय मी तुम्ही कुठे बघता ते."

प्रयोगाच्या रविवारी सकाळपासून पाऊस. काँक्रीट गारठलं. दुपारी सभागृह भरलं. पहिल्या रांगेत सासूबाई, लेकीचं काम बघायला आलेल्या, मांडीवर छत्री. वहिनींनी त्यांचीच जरीची साडी नेसली होती आणि डोक्यावर हा एवढा मोठा अंबाडा. वहिनींचे केस तसे बेताचेच. मला वाटलं, विग असेल.

पहिला अंक बरा झाला. दुसरा सुरू झाला. वहिनी बॅग घेऊन दारापाशी आल्या, वळल्या आणि म्हणाल्या, "बाबा, तुमच्या या घरात मी सावलीसारखी वावरले." सभागृह शांत. काय तो आवाज! माझ्या हातातली संहिता मी मिटून ठेवली.

आणि बूचच्या टकलावर थेंब पडला.

प्रेक्षकांना दिसला नाही. मला दिसला, कारण बूचचे डोळे असे झाले, जसे एखाद्याला लग्नाच्या पंगतीत आपला बूट चोरीला गेल्याचं कळावं. पण पठ्ठ्या हलला नाही. दुसरा थेंब पडला. तिसरा मात्र जरा पुढे पडला, वहिनींच्या बाजूला. थेंब सांध्यावरून दाराकडे सरकत होते! पुढचा वहिनींच्या जरीवर, त्याच्या पुढचा दिव्याच्या तारेवर. बूचनं झटकन विचार केला आणि डोकं पुढे काढून तो थेंब झेलला. मग पुढचा झेलला. अर्धांगवायूचा सासरा सुनेच्या दिशेनं इंच इंच झुकू लागला, आणि टकलावरचं पाणी कपाळावरून, डोळ्यांवरून, गालांवरून ओघळू लागलं.

पहिल्या रांगेतून कुजबूज आली. सासूबाईंची कुजबूज म्हणजे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू जाते.

"अगं बाई! जावई रडतोय!"

झालं. सगळ्या सभागृहानं माना वळवल्या. कोणीतरी हुंदका दिला. वहिनींना काही कळेना. आपण इकडे बोलतोय आणि लोक तिकडे काय बघतायत? त्यांनी आवाज चढवला. पाण्याचाही जोर वाढला. बूचच्या हनुवटीवरून धार लागली. एक बाई मोठ्यानं म्हणाल्या, "किती रडवशील गं म्हाताऱ्याला, जाऊ नको ना!"

वहिनी रागारागानं पाठ फिरवून दाराकडे वळल्या, आणि त्या झटक्यात त्यांचा अंबाडा सैल झाला. त्यातून करड्या रंगाचं एक शेपूट बाहेर लोंबायला लागलं. फोमची दोरी! अंबाडा भरीव दिसावा म्हणून वहिनींनी खुंटीवरची अख्खी दोरी गुंडाळून केसांत घातली होती.

बूचला राहवलं नाही. त्याचा लुळा हात आपोआप वर गेला आणि वहिनींच्या डोक्याकडे बोट करून राहिला.

सभागृहानं काय पाहिलं? वर्षानुवर्षं मेलेला हात सुनेला आशीर्वाद द्यायला उठला! असा टाळ्यांचा कडकडाट झाला, की मास्तरांची लांब शिट्टी कोणालाच ऐकू आली नाही आणि पडदा मी ओढला. वहिनींचं शेवटचं दीड पान तसंच पोटात राहिलं.

त्या संध्याकाळी सामाईक भिंतीला कान लावायची गरज पडली नाही.

"माझं सगळं आयुष्य चहाच्या ट्रेमध्ये गेलं! एक प्रवेश मिळाला, तोही तुम्ही खाल्लात!"

"मी काय केलं? पाणी झेललं. साडी तुझ्या आईची!"

"गळलंच कसं? एक थेंब पडणार नाही म्हणाला होतात!"

"दोरी कुठे होती? तुझ्या डोक्यात!"

"मग विचारायचं! लग्नापासून माझ्या डोक्यात काय आहे ते कधी विचारलंत?"

 इकडे मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. माझी बायको मात्र माझ्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून बूचचे दिवस पालटले. लोक रस्त्यात थांबवून हात हातात घ्यायचे. भाजीवालीनं विचारलं, "दादा, इतकं रडायला येतं तरी कसं?" बूच म्हणाला, "वरून येतं." तिला वाटलं, केवढा भाविक माणूस. सासूबाई तर फळांची करंडी घेऊन आल्या आणि चक्क म्हणाल्या, "जावईबापू, मी तुम्हाला ओळखलंच नाही. थोरल्याच्या डोळ्यांत कधी टिपूस पाहिलं नाही हो मी, आणि म्हणे डोळ्यांचा धंदा!" जावईबापू! बूच दिवसभर आरशासमोर उभा राहून पाण्याशिवाय रडता येतं का बघत होता. येत नव्हतं. नुसतंच शिंकायला यायचं.

मग मास्तर आले. पुढच्या रविवारी पुन्हा प्रयोग ठेवला होता, तिकिटं संपली होती. "सांध्याला हात लावायचा नाही," मास्तर म्हणाले. "तारा मी बाजूला घेतल्यात. पाऊस नसला तर गच्चीवर पाइप सोडू. तुझ्यावर नाटक उभं आहे, बूच!"

 खरं सांगायचं तर बूचला गुदगुल्या झाल्या होत्या. जन्मभर माणूस लोकांच्या छताखाली बसला, कोणी टाळी वाजवली नव्हती.

मास्तर गेल्यावर तो आत गेला, तर वहिनी जरीची साडी घडी घालत होत्या. संहिता टेबलावर, वर पेन ठेवलेलं.

"हे मास्तरांना देऊन या," त्या म्हणाल्या. भांडणाचा सूर नव्हता, आणि त्यामुळेच बूच घाबरला. "सून कोणीही करील. लोक तिला बघतच नाहीत. मी आपली पहिल्या अंकात चहा घेऊन येईन. ते मला येतं."

हे बूचनंच मला सांगितलं, जिन्यात उभं राहून. म्हणाला, "भांडली असती तर बरं झालं असतं रे." आणि नाक शिंकरलं. आरशासमोर न आलेलं तिथे बरोबर आलं होतं, पण मी त्याला ते दाखवून दिलं नाही.

पुढे दोन दिवस पाऊस नव्हता, नुसतं ढगाळ. ना ऊन, ना गारठा, सांधा भरायला सोन्यासारखी हवा. बूच पहाटेच कोणालाही न सांगता गच्चीवर गेला. फाटलेला मसाला पात्यानं कापून काढला, फटीच्या कडा घासल्या, पुसल्या, वाळवल्या. वहिनींनी दोरी परत केली होती, पण तिला खोबरेल तेलाचा वास. तेल लागलेल्या दोरीशेजारी मसाला धरत नाही. त्यानं नवीन गुंडाळी आणली. सांध्यात बसवण्याआधी तिच्यातून हातभर तुकडा कापला आणि घरी येऊन वहिनींपुढे ठेवला.

"हे काय?"

"अंबाड्याला. आता स्वतःची आहे तुझी. माझ्या कामातली घ्यायची नाही."

वहिनींनी तुकडा हातात घेऊन दाबून पाहिला. "सांधा बुजवलात?"

"बुजवला."

"मास्तर ओरडतील."

"शिट्टी वाजवतील. वाजवू देत."

आणि संहिता टेबलावरून परत वहिनींच्या हातात गेली. भिंतीपलीकडून मला पुन्हा "सावलीसारखी वावरले" ऐकू यायला लागलं. माझा जीव भांड्यात पडला.

रविवारी पाऊस असा कोसळत होता, की मास्तरांनी आनंदानं पाइप गुंडाळून ठेवला. सभागृहात मुंगीला शिरायला जागा नाही. सासूबाई सगळ्या मैत्रिणींना घेऊन पहिल्या रांगेत, प्रत्येकीच्या हातात घडी घातलेला रुमाल. दुसऱ्या अंकाला पडदा वर गेला आणि सगळं सभागृह एकाच गोष्टीकडे बघायला लागलं: बूचच्या डोळ्यांकडे.

वहिनींनी सुरुवात केली. कोणी ढुंकून पाहीना. "हं, आता," सासूबाई मैत्रिणींना सांगत होत्या. "आता लागेल धार." धार कुठली लागायला, टक्कल कोरडं. मास्तर विंगेतून छताकडे बघत शिट्टी चावत होते. वहिनींच्या लक्षात आलं. शब्द अडखळला. एक वाक्य गळलं. मी पुरवलं, त्यांना ऐकू गेलं नाही. त्या नुसत्या उभ्या राहिल्या, बॅग हातात, आणि मला वाटलं, आता ह्या विचारणार, चहा ठेवू का.

बूचनं ते पाहिलं. यावेळी तो खरोखर समोर बघत होता. त्याच्या मांडीवर सासऱ्याची शाल होती. त्यानं ती दोन्ही हातांनी उचलली, लुळा हात वगैरे सगळं विसरून, आणि डोक्यावरून पूर्ण ओढून घेतली. टक्कल, डोळे, हनुवटी, सगळं आत. बिचाऱ्याचा हिशेब साधा होता: मी दिसलोच नाही तर लोक तिच्याकडे बघतील.

 मग सासूबाईंची कुजबूज आली.

"गेला!"

"कोण गेला?"

"अगं, सासरा गेला! तोंडावर पांघरूण घेतलं, पाहिलं नाहीस?"

स्वतःच स्वतःच्या तोंडावर पांघरूण घेऊन मरणारा माणूस जगात त्याआधी झाला नसेल. पण सभागृहानं ते मानलं. आणि वहिनींनी, वर्षानुवर्षं ट्रे घेऊन विंगेत उभं राहून दुसऱ्यांचं काम बघितलेल्या त्या बाईनं, एका क्षणात ते उचललं. बॅग खाली ठेवली. खुर्चीजवळ गेल्या. शालीची एक घडी सारखी केली. आणि पाच पानांचं ते भाषण, जे इतके दिवस त्या दणक्यात म्हणत होत्या, ते अगदी हळू, आता ज्याला ऐकू येणार नाही अशा माणसाला सांगावं तसं सांगितलं. सगळं. राहिलेलं दीड पानसुद्धा. एकही माणूस खुर्चीकडे बघत नव्हता. पहिल्या रांगेतले रुमाल ओलेचिंब झाले. न्हावी माझ्या शेजारी उभा राहून माझ्या बाहीला नाक पुसत होता. मास्तरांच्या तोंडातून शिट्टी पडली.

वहिनी दारातून बाहेर गेल्या. मग ज्या टाळ्या वाजल्या, त्या पावसालाही मागे सारून वाजल्या.

तिसऱ्या अंकात सासरा बरा होऊन चालायला लागतो, असं मास्तरांनी लिहिलं होतं. तो अंक तिथल्या तिथे रद्द झाला. मास्तर आजही त्याबद्दल हळहळतात, पण तो फार वाईट होता.

सगळे अभिवादनाला पुढे आले, तेव्हा बूच शालीतून डोकं काढून उठला. एक बाई किंचाळल्या. सासूबाई म्हणाल्या, "आहे का हा!" आणि त्यात, मला जे वाटलं ते सांगतो, थोडी निराशा होती. मग त्यांनी रुमाल पिळला आणि लेकीचं नाव घेऊन अशी हाक मारली, की वहिनी लहान मुलीसारख्या लाजल्या.

पडदा पडल्यावर मी संहिता आवरत होतो, तेव्हा वहिनी बूचजवळ आल्या. काजळ गालापर्यंत आलेलं, अंबाडा जागच्या जागी.

"अहो, सांगा ना. कसं झालं?"

बूचनं टकलावरून हात फिरवला, तळहात पाहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते तेज आलं.

"एक थेंब नाही," तो म्हणाला.

वहिनींनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "अहो, बाहेर सगळं सभागृह डोळे पुसतंय," त्या म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या, की त्यांना रंगमंचावरच खाली बसावं लागलं.